‘पाठवलं’ आणि ‘गेलं’ यांच्या मधे अडकलेला मेल

ताईचा फोन आला तेव्हा ती चिडलेली नव्हती, ओशाळलेली होती. ती भाषांतरं करते. ज्यांचं काम घेतलं होतं त्यांनी तिला विचारलं होतं, मंगळवारी द्यायचा मजकूर शुक्रवार उलटला तरी का आला नाही? “अरे, मी सोमवारीच पाठवलाय,” ती म्हणाली. “माझ्या हातानं सेंड दाबलंय.”

दाबलं होतं, यात शंका नाही. पण मेल आउटबॉक्समधे बसून होता. एकूण सात मेल होते रांगेत, आणि हा तिसरा.

ताई राहते तिथं नेट सकाळी पाऊण तास असतं, रात्री कधी तासभर, कधी नाहीच. असतं तेव्हाही अपलोडचा वेग १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइटच्या, आसपास, आणि दर दहा-बारा मिनिटांनी एकदा तुटतं. उरलेला सगळा दिवस लॅपटॉप एकटा. पण तिचं काम थांबत नाही. जुने मेल काढून संदर्भ पाहायचे, उत्तरं लिहून ठेवायची, फायली जोडायच्या. त्यामुळे ब्राउझरमधला मेल तिला कधी मानवला नाही. तिच्या लॅपटॉपवर मेलचा स्वतंत्र प्रोग्राम आहे, आणि तिची ही निवड मला आजही बरोबर वाटते.

खरं तर ईमेल वाढला तोच अशा अधूनमधून भेटणाऱ्या यंत्रांमधे. सत्तरीच्या दशकात बेल लॅब्समधे निघालेल्या यूयूसीपीची पद्धत हीच होती: एका यंत्रानं दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेलं द्यायचं, आलेलं घ्यायचं, फोन ठेवायचा. १९८४ साली टॉम जेनिंग्जनं सुरू केलेलं फिडोनेटही रात्रीच्या फोनवरच चालायचं. म्हणजे ताईची अडचण नवी नव्हती. तिच्या प्रोग्रामची मांडणी तेवढी तिच्या परिस्थितीला धरून नव्हती.

रांगेत पुढं कोण होतं

पुढच्या आठवड्यात ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे दोन दिवस राहायला आली. पहिला तास मी वाया घालवला. पासवर्डचा घोळ असणार असं मी धरून बसलो, कारण बहुतेक वेळा तोच असतो. पासवर्ड ठीक होता. मग आउटबॉक्समधे आकाराचा रकाना लावला आणि उत्तर समोरच होतं: रांगेतला पहिला मेल १८ एमबीच्या स्कॅनचा. कुणाला तरी जुन्या करारपत्राची पानं हवी होती, तिनं ती रविवारी रात्री जोडली होती.

इथं थोडं गणित. ईमेलमधून फाइल जशीच्या तशी जात नाही. ती बेस६४ नावाच्या लिपीत उतरवली जाते. दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, शिवाय दर ७६ अक्षरांनी नवी ओळ. मिळून साधारण १.३७ पट. म्हणजे १८ एमबीचे २४.६ एमबी झाले. १२८ केबीपीएसनं ते चढवायला सुमारे २६ मिनिटं लागतात, आणि तिचं नेट तुटतं बाराव्या मिनिटाला. अर्धवट चढलेला मेल तिथून पुढं चालू करायची सोय रोजच्या वापरातल्या एसएमटीपीत, म्हणजे मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, नाही. तुटलं की पुन्हा शून्यापासून.

म्हणजे रोज सकाळी हा एकच मेल निघायचा, अर्ध्या वाटेत पडायचा, परत निघायचा, परत पडायचा. सगळा पाऊण तास तोच खायचा. सर्व्हरनं त्याला कधी नाकारलं नाही, कारण तो कधी पूर्ण पोचलाच नाही. तिचा प्रोग्राम रांगेनं पाठवणारा, पहिला अडला की तिथंच थांबणारा. आणि भाषांतराची फाइल होती ६० केबीची. तिला लागणारा वेळ: पाच सेकंद.

पाच सेकंदांचा मेल आठवडाभर अडला, तो सव्वीस मिनिटांच्या मेलमागं. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग मला कुणी सांगितलं का नाही?” प्रोग्रामनं सांगितलं होतं. रोज एक छोटी खिडकी यायची, ‘पाठवता आलं नाही’ म्हणायची. पण त्या वेळी नेट गेलेलं असायचं, म्हणून तिला वाटायचं खिडकी नेटबद्दलच बोलतेय. मला यात तिची चूक दिसत नाही. कुठला मेल अडला, किती मागं राहिले, हे त्या खिडकीत नव्हतंच.

माझ्या जोडणीवर साती मेल तीन मिनिटांत गेले. त्यातून नवीच भानगड उपटली.

सोमवारची तारीख

भाषांतर पोचलं, पण त्यावर तारीख होती आधीच्या सोमवारची. समोरच्यांनी सभ्य भाषेत, पण स्पष्ट विचारलं: ही तारीख मागची कशी?

संशय येणं साहजिक होतं, पण प्रोग्रामचं वागणं नियमाला धरून होतं. ईमेलचा ढाचा ठरवणाऱ्या आरएफसी ५३२२ मधे, म्हणजे इंटरनेटचे नियम लिहून ठेवणाऱ्या क्रमांकित दस्तऐवजांपैकी २००८ सालच्या एकात, नेमकं हेच उदाहरण दिलेलं आहे: लॅपटॉप नेटला जोडलेला नसताना कुणी मेल रांगेत लावला, तर तारीख रांगेत लावल्याची पडावी, नेट आल्यावर तो गेला त्या वेळेची नाही. तारीख म्हणजे लिहिणाऱ्यानं ‘माझ्याकडून झालं’ म्हटलं तो क्षण.

खरा प्रवास पाहायचा तर मेलचा मूळ मजकूर उघडायचा आणि वरच्या ‘रिसीव्ह्ड’ ओळी वाचायच्या. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो, तो प्रत्येक सर्व्हर आपली एक ओळ आपल्या वेळेसह सगळ्यात वर चिकटवतो. म्हणून त्या खालून वर वाचायच्या. ताईच्या मेलवर सगळ्यात खालची ओळ होती माझ्या घरून तो निघाला तेव्हाची. त्यावरून तो उशिरा निघाला एवढंच सिद्ध होत होतं. सोमवारी लिहिला होता हे त्यातून कळत नव्हतं, कारण आपल्या यंत्रावरचं घड्याळ आपण फिरवू शकतो. तिनं शेवटी सरळ माफी मागितली आणि परिस्थिती सांगितली. तेच बरं झालं. या ओळी, म्हणजे हेडर, दाखवून वाद जिंकता येतो, काम परत मिळत नाही.

दोन वर्षांचे मेल एकाच डिस्कवर

आउटबॉक्स निस्तरल्यावर मी सहज विचारलं, “फोनवर मेल दिसतात ना तुला?”

“फोनवर कधीच काही नसतं. मला वाटलं तसंच असतं.”

इथं मात्र मी हबकलो. लॅपटॉपवरचं खातं पीओपी पद्धतीचं होतं, आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या चौकटीत खूण नव्हती. लॅपटॉप मेल उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरून पुसून टाकायचा. दोन वर्षांहून जास्त काळाचा पत्रव्यवहार, त्यातले करार, मानधनाची बोलणी, सगळं जुन्या लॅपटॉपच्या एका डिस्कवर. बॅकअप नाही. आउटबॉक्सनं एक काम अडवलं होतं. ही डिस्क बसली असती तर दोन वर्षं गेली असती. त्याच रात्री आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, बाकीचं नंतर.

पीओपी आणि आयमॅप या सर्व्हरवरचा मेल वाचायच्या दोन रीतींमधला फरक ‘एकात मेल उतरतो, दुसऱ्यात सर्व्हरवर राहतो’ असा सांगितला जातो. ते अर्धवट आहे. आयमॅप ज्यानं घडवलं त्या मार्क क्रिस्पिननं १९९४ साली आरएफसी १७३३ मधे तीन पद्धती नीट वेगळ्या केल्या होत्या. पहिली ऑफलाइन: मेल उतरवा, सर्व्हर रिकामा करा, पुढचं सगळं आपल्या यंत्रावर. दुसरी ऑनलाइन: सगळं सर्व्हरवर, यंत्र नुसतं बघायला. तिसरीत काही मेलची प्रत यंत्रावर घ्यायची, जोडणी तोडून काम करायचं, आणि परत जोडल्यावर दोन्हीकडचं जुळवून घ्यायचं. तिथंही मूळ सर्व्हरवरच राहतं, यंत्रावर असते ती प्रत.

ताईला हवी होती तिसरी. तिच्याकडे होती पहिली. आणि ‘ऑफलाइन’ हा शब्द दोन्हींना लावला जातो, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यानं कुणी खातं लावून दिलं त्यानं बहुधा ‘हिच्याकडे नेट नसतं’ एवढं ऐकून पीओपी निवडलं असावं. मीही निवडलं असतं कदाचित.

नवी मांडणी

प्रोग्राम थंडरबर्डच ठेवला, खातं आयमॅपचं केलं, कारण तिसरी पद्धत त्यात जमते. मी स्वतः एमबीसिंकनं मेल खाली आणतो आणि नॉटमचनं शोधतो, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून. ते मला फार आवडतं. तिला ते द्यायचा मोह मी आवरला. मला दाखवायला आवडलं असतं, पण एखाद्या सकाळी ते बिघडलं असतं तर पाऊण तासात तिला सुधारता आलं नसतं.

इनबॉक्स आणि चालू कामांची फोल्डरं ऑफलाइनसाठी निवडली. ५०० केबीपेक्षा मोठा मेल आपोआप उतरवू नये अशी मर्यादा घातली. मोठ्या मेलचं नाव आणि विषय दिसतो, हवा असेल तर ती तो मुद्दाम मागवते. बातमीपत्रं आणि जाहिराती सर्व्हरवरच्या नियमांनी वेगळ्या फोल्डरात वळवल्या. हे नियम सर्व्हरवर असणं महत्त्वाचं. लॅपटॉपवरची चाळणी चालते ती मेल उतरल्यावर, तोवर वेळ गेलेला असतो. सर्व्हरची चाळणी लॅपटॉप झोपलेला असतानाही चालते. पहिलं सिंक माझ्याच घरी रात्रभर चालू ठेवून उरकलं.

मग सेंटचा प्रश्न. हे मला आधी सुचलं नव्हतं, आकडे बघताना लक्षात आलं. आयमॅप खात्यात आपण मेल पाठवतो तेव्हा बऱ्याच प्रोग्रामांत तो दोनदा चढतो: एकदा एसएमटीपीनं समोरच्याकडे जायला, आणि दुसऱ्यांदा आयमॅपनं आपल्याच सर्व्हरच्या सेंट फोल्डरात प्रत ठेवायला. तोच मेल, तीच जोडलेली फाइल, पुन्हा पहिल्यापासून. भरपूर नेट असणाऱ्याला हे जाणवतही नाही. ताईसाठी म्हणजे तिच्या पाऊण तासाचे दोन तुकडे. काही सर्व्हर पाठवलेल्याची प्रत आपणहून ठेवतात, तिथं प्रोग्रामला गप्प बसवलं की झालं. तिचा सर्व्हर ठेवत नव्हता. म्हणून पाठवलेल्याची प्रत लॅपटॉपवरच्या स्थानिक फोल्डरात ठेवली, आणि दर महिन्याला चांगलं नेट मिळालं की ती तिथून सर्व्हरवर हलवते. हा तोडगा देखणा नाही, मला मान्य आहे.

स्कॅनचं काय? ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन १५० डीपीआयचं करडं केलं. पिक्सेल एक चतुर्थांश झाले, रंगाचं ओझं गेलं. अक्षर वाचायला काही फरक नाही. १८ एमबीचं २ एमबीच्या आत आलं. खूप मोठं काही असेल तर ती आता ते रांगेत लावत नाही, ड्राफ्टमधे ठेवते.

आधी घे, मग दे

तीन आठवडे सुरळीत गेले. मग एका सकाळी तिनं रात्री लिहिलेलं सविस्तर उत्तर गेलं, आणि त्यानंतर दोन मिनिटांनी इनबॉक्समधे उतरला तो समोरच्यांचा आदल्या दुपारचा मेल: आधीच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करा, तो भागच गाळलाय.

ऑफलाइन माणूस कायम जुन्या इनबॉक्सला उत्तर देत असतो. म्हणून प्रोग्रामला सांगितलं, नेट आलं की आउटबॉक्स आपणहून रिकामा करू नकोस, आधी विचार. थंडरबर्डमधे तशी निवड आहे. नेट आलं की ती पहिल्यांदा नवे मेल उतरवते, नुसत्या विषयांवर नजर टाकते, मग आउटबॉक्स उघडून त्यातलं काय अजून लागू आहे ते बघते, आणि मग सोडते. यात चार-पाच मिनिटं जातात. मला वाटलं होतं ती कंटाळा करेल. उलट ती म्हणाली, पूर्वी पत्र पेटीत टाकायच्या आधी एकदा वाचायचो, तसंच आहे हे.

दुबार मेलचं प्रकरण मात्र मी सोडवू शकलो नाही, आणि ते सुटणारही नाही. एकाला तिचं बिल दोनदा गेलं. तिनं एकदाच पाठवलं होतं. झालं असं: मेल पूर्ण चढला, सर्व्हरनं तो स्वीकारला, ‘मिळाला’ अशी पोच पाठवली, आणि पोच वाटेत असताना नेट गेलं. लॅपटॉपच्या दृष्टीनं मेल गेलाच नाही. संध्याकाळी त्यानं इमानदारीत परत पाठवला. हे सगळं १९८८ सालच्या आरएफसी १०४७ मधे क्रेग पार्ट्रिजनं लिहून ठेवलेलं आहे. मेल हरवण्यापेक्षा दोनदा जाणं परवडलं, अशी ही मूळ मांडणी आहे, आणि मला ती पटते. दोन्ही प्रतींवर मेसेज-आयडी, म्हणजे मेलची ओळखखूण, एकच असतो, त्यामुळे काही सर्व्हर दुसरी प्रत ओळखून गाळतात, काही नाही गाळत. ताई आता बिलावर क्रमांक ठळक घालते. दोनदा गेलं तरी दोन बिलं वाटत नाहीत.

घड्याळ

सगळ्यात मजेशीर बिघाड यानंतरचा. एका सकाळी नेट होतं, ब्राउझरही काहीबाही दाखवत होता, पण मेलचा प्रोग्राम सर्व्हरशी बोलायलाच तयार नाही. सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र अमान्य म्हणे. तिची ती सकाळ गेली. रात्री फोनवर मी तिला पडद्यावरचं सगळं वाचायला लावलं. ती वाचत गेली, आणि मी म्हटलं, “कोपऱ्यात तारीख काय आहे?”

लॅपटॉप चार्जिंगशिवाय पूर्ण उतरला होता, आतली घड्याळाची बटणासारखी बॅटरी कधीचीच मेली होती, आणि यंत्र उठलं ते कित्येक वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीला. सर्व्हरचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच वैध असतं. लॅपटॉपच्या हिशेबानं ते अजून जारीच झालेलं नव्हतं. नेट मिळाल्यावर घड्याळ आपोआप जुळतं हे खरं, पण ते लगेच जुळेलच असं नाही, आणि तिच्याकडे वाट बघायला वेळ नसतो. तारीख हातानं लावली आणि मेल धो धो उतरले. मी मात्र त्या रात्री उशिरापर्यंत विचार करत होतो, की घड्याळ तसंच असताना तिनं काही रांगेत लावलं असतं, तर ‘तारीख मागची कशी’ या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिलं असतं!

तिच्या लॅपटॉपच्या झाकणाला आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, तिच्याच अक्षरात: घड्याळ. घे. आउटबॉक्स वाच. छोटे सोड. मग मोठे. मी त्यात ‘बॅकअप’ घालायला सांगितलं होतं. ते तिनं मागच्या बाजूला लिहिलंय.

तिच्या बोलण्यातही एक बदल झालाय. परवा मी समोर असताना कुणाचा तरी फोन आला, मजकूर कधी देताय म्हणून. ती म्हणाली, “लिहून रांगेत लावलाय. अजून गेला नाहीये. रात्री नेट आलं तर जाईल, गेला की मी कळवते.” एकदा सर्व्हरनं मेल घेतला की पुढची जबाबदारी त्याची. समोरचा सर्व्हर बंद असला तर तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. आरएफसी ५३२१ मधे चार-पाच दिवस तरी हार मानू नये असं म्हटलेलं आहे. तिचं काम फक्त पहिल्या टप्प्यापुरतं, आणि त्या टप्प्यापर्यंत गेला की नाही हे तिला आता कळतं.

एक गोष्ट राहिलीय. पीओपीच्या काळातले ते दोन वर्षांचे मेल अजून निम्मेच सर्व्हरवर चढलेत. माझ्याकडे होती त्या दोन दिवसांत सगळे चढवले असते, पण तिला आधी त्यातले नको ते निवडून काढायचे होते. रात्रीचं नेट टिकलं तर वीस-पंचवीस मेल ती हलवते, आणि तुटलं की कोणते दोनदा चढले ते शोधत बसते.